तीसपैकी एकवीस

चि. वृंदा हिला,

अंबरनाथ पश्चिमेहून गुरुदत्तदादाचा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? वॉर्डातल्या पाळ्या कमी झाल्या का? इथे तुझी सुनंदावहिनी ठीक, माझं पोट ठीक, डोकं मात्र ठिकाणावर नाही. फोनवर तू "दादा, मुद्द्याचं बोल" म्हणतेस, म्हणून हे पत्र.

आमच्या अनीशने चिखलोलीला नवा फ्लॅट घेतलाय, त्याला पडदे हवेत, म्हणून महिन्यापूर्वी मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात हरेश नावाच्या सिंधी माणसाच्या कापडाच्या दुकानात गेलो. (पडदे अजून घेतलेले नाहीत. तुझ्या वहिनीला बोलू नकोस.) मी आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचो, हे बोलण्यात निघालं आणि हरेशने गल्ल्याखालून इंग्रजी कागदांचा गठ्ठाच काढला. "साईं, आप केमिकलवाले हो, जरा समझाओ." एका कंपनीचे शेअर त्याने घेतले होते. ही कंपनी रोग्याच्याच रक्तातल्या पेशी काढते, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवते आणि परत अंगात सोडते. (घरचंच पोर क्लासला घालून आणावं तसं. मला एवढंच कळलं, पण समजावलं मी दोन तास.) या उपचाराची माणसांवर चाचणी चालू होती आणि निकाल मंगळवारी होता.

मंगळवारी दुकानातच मोबाइल टेकवून बसलो. तीसपैकी एकवीस रोगी सुधारले! सत्तर टक्के म्हणजे फर्स्ट क्लासच की. मी पेढे आणले, शेजारच्या दुकानांत वाटायला लागलो, तोवर इकडे शेअर कोसळला. मोबाइलवरचा तज्ज्ञ म्हणाला, बाजाराला ऐंशी टक्क्यांची अपेक्षा होती. म्हणजे माणसं बरी झाली आणि कंपनी आजारी पडली? मी पेढ्यांचा डबा लपवून हरेशचं सांत्वन करायला गेलो, तर तो डोळे पुसत हसत होता. "शेअर गिरने दो, साईं. इक्कीस लोग घर गये ना?" आणि त्याच पडत्या भावात त्याने आणखी शेअर घेतले! मला वाटलं, गडी भलताच धूर्त. (मीही दहा घेतले. हेही वहिनीला नको.)

शुक्रवारी कंपनीने शेअरवाल्यांची ऑनलाइन बैठक ठेवली. जो तो भाव कधी चढणार, एवढंच विचारत होता. हरेशने मला कोपराने ढोसलं. "पूछो, बाकी नौ का क्या हुआ?" मी विचारलं. कंपनीचे साहेब "चांगला प्रश्न आहे" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. हरेशने मोबाइल पालथा घातला आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना शटर खाली ओढलं. ज्याचा शेअर पडला त्याने नऊ अनोळखी माणसांचा एवढा घोर का लावून घ्यावा, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. असो. कंबरेला शेक दे.

तुझा,
गुरुदत्तदादा

ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात हरेश घरी आला. त्याच्या बायकोला, भाविकाला, रक्ताचा कॅन्सर आहे. दोन औषधं देऊन झाली, लागू पडली नाहीत. शेअरवाला म्हणजे कंपनीचा मालक, आणि मालकाच्या घरच्या माणसाचा चाचणीत नंबर आधी लागणार, असं तो धरून चालला होता. जितके शेअर जास्त, तितका नंबर वर. "असं नसतं रे," एवढंच मी म्हणालो, तर तो पाणीही न घेता उठला. तू कॅन्सरच्याच वॉर्डात सिस्टर आहेस. अशा चाचणीत जागा कशी मिळते, कोणाला भेटायचं, ते डॉक्टरांना विचार आणि लगेच फोन कर.

ता. क. २ हरेश इथेच ठेवून गेलेले भाविकाचे रिपोर्ट याच पाकिटात घातलेत. आधी ते वाच. माझं वरचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, नाही वाचलंस तरी चालेल.