शुभदाच्या दवाखान्यातली दोरी

निगडी, प्राधिकरण
शनिवार

आदरणीय व्याही दादासाहेब यांस निगडीहून सदाशिवचा सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. फलटणला आपली, विहीणबाईंची आणि आपल्या गुडघ्यांची खुशाली कळावी. (गुडघ्यांची वेगळी चौकशी अशासाठी, की मागच्या भेटीत त्यातला उजवा आपल्यापेक्षा जास्त बोलत होता.) विहीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि आता त्यांना घरातली सगळी धूळ दिसू लागल्यामुळे आपली फार धावपळ होते, हे शुभदाकडून कळलं. वाईट वाटलं. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोनदा ‘बरं, बरं’ म्हणून तो विहीणबाईंच्या हाती देता आणि मग आमची ही आणि त्या मिळून लोणच्याच्या मसाल्यावर अर्धा तास काढतात. म्हणून मुद्दाम पत्र. हल्ली पत्र कोण लिहितं, असं आपण म्हणाल. ज्याला मधे कुणी बोललेलं नको असतं, तो लिहितो.

माझी सारी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन करण्यात गेली, हे आपण जाणताच. कुठला माणूस कुठल्या मशिनवर आणि कुठला सुटा भाग किती वाजता कुठे, हे मी ठरवायचं आणि बाकीच्यांनी धावायचं. निवृत्तीनंतर एवढं ज्ञान वाया कसं जाऊ द्यायचं? आधी ते घरातच वापरून पाहिलं. स्वयंपाकघरातले डबे वापराच्या क्रमाने लावले, तर सत्यनारायणाच्या प्रसादात इडलीचा रवा पडला. तेव्हापासून मला ओट्यापासून चार हात लांब उभं राहण्याची परवानगी आहे. अशा वेळी आपल्या कन्येने मला संधी दिली. (तिने दिली असं ती म्हणत नाही. पण संधी कोणी देत नसतं, ती दिसली की घ्यायची असते.)

शुभदाचा दवाखाना म्हाळुंग्याला, कारखान्यांच्या अगदी तोंडाशी. हॉस्पिटलातली पगाराची नोकरी सोडून तिने तो काढला तेव्हा आपल्याला झोप लागत नव्हती. मलाही लागत नव्हती. आपण दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं, एवढंच. तिच्याकडे आधी वेळ घ्यावी लागत नाही. या, बसा, नंबर आला की आत जा. कल्पना उत्तम, पण पेशंट येतात ते कारखान्यांच्या भोंग्यावर. दुपारी पहिली पाळी सुटली की दारात चपलांचा ढीग होतो, आणि सकाळी अकरा वाजता दीपमाला सिस्टर कापसाचे बोळे करून करून कंटाळलेल्या असतात. त्यातच शेजारच्या गिअर बनवणाऱ्या कंपनीने आपले सगळे कामगार उपचारांसाठी शुभदाकडे पाठवायचं मनात आणलं. कंपनीचे एक अधिकारी येऊन दवाखाना कसा चालतो ते पाहणार आणि मग ठरवणार. हे काम मिळालं तर दवाखाना पायावर उभा राहणार; नाही मिळालं तर तिला पुन्हा हॉस्पिटलच्या रात्रपाळ्या. जेवताना ती म्हणाली, “या गर्दीचं काहीतरी करायला हवं.” म्हणाली ती सलिलला. पण सलिलच्या कानात ऑफिसची मीटिंग चालू होती, (आपल्या जावयांना पानात काय वाढलंय ते मीटिंग संपल्यावर कळतं) म्हणून ते वाक्य मी उचललं.

मी दाराशी खुर्ची टाकली आणि आधी नुसती माणसं मोजली. केवढी माणसं! आणि डॉक्टर एक! निष्कर्ष उघड होता. मी दुपारसाठी आणखी एक डॉक्टर आणि एक सिस्टर बोलवायला लावल्या आणि दारातून जो आत येईल त्याच्या हातात एक टोकन ठेवू लागलो. आता आपल्यासारख्या गावाकडच्या माणसाला सांगायला नको, की आजाऱ्याला एकटं पाठवणं कुणाला शोभत नाही. इथे एका खोलीत पाच-सहा जण राहतात, आणि एकाचं पोट दुखलं तर खोलीला कुलूप लागतं, कारण सगळेच त्याला घेऊन येतात. ही गोष्ट मला फलटणला नक्की आठवली असती. म्हाळुंग्याला नाही आठवली.

चिमाजी नावाचा लातूरकडचा एक वेल्डर असाच खोलीसकट आला. मी सगळ्यांना टोकनं दिली. शुभदाने पहिल्याला विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, “मला कुठं काय होतंय म्याडम? पण नंबर लागलाच हाय, तर बीपी बघा की.” दुसऱ्याने शाळेत असताना निखळलेला खांदा दाखवून सुई घेतली. तिसऱ्याला केस का गळतात ते हवं होतं. हातात आलेला नंबर फुकट घालवायला कुणालाच बरं वाटेना. खुद्द चिमाजी टोकनवाटपाच्या वेळी नेमका संडासात होता, त्यामुळे त्याच्याकडे टोकन नव्हतं. नियम म्हणजे नियम. मी त्याला रांगेच्या शेवटी बसवलं. तो पोट धरून म्हणाला, “काका, दुखतंय माझं, अन् सुई त्याला का ओ?” प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्या दिवशी दवाखान्याने कधी नव्हे इतकी माणसं तपासली, हे मी शुभदाच्या नजरेस आणून दिलं. ती काहीच बोलली नाही. (आपली मुलगी रागावली की गप्प बसते, हे आपण लग्नाआधी सांगायला हवं होतं.)

मग मी आठवड्याचं नियोजन हातात घेतलं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. हे मला जितकं माहीत आहे तितकं कुणालाच नाही. माझ्या आयुष्यातले सगळे सिनेमे, बारशी आणि दाढदुखी गुरुवारी झालेली आहेत. तेव्हा गुरुवारी कामगार मोकळे म्हणजे गुरुवारी गर्दी होणार. कंपनीचे अधिकारी येणार तेही गुरुवारी, कारण त्यांनाही सवड त्याच दिवशी. मी दोन्ही डॉक्टर, सगळ्या सिस्टर, सगळ्यांना गुरुवारी बोलावलं, आणि त्या बदल्यात शुक्रवारी शुभदा आणि दीपमाला सिस्टर सोडून सर्वांना सुट्टी देऊन टाकली.

गुरुवारी एक म्हातारी आली. तिला पत्ता विचारायचा होता. दुपारी सगळ्यांनी मिळून पोहे केले. पोहे उत्तम झाले होते. दीपमाला सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, “काका, सुट्टीच्या दिवशी कोण आजारी पडतं हो? सुट्टी कशाला घालवतील?” हे त्यांनी बुधवारी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. (त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सांगितलं होतं.) आणि अधिकारीही आले नाहीत. सुट्टीच्या दिवशी कंपनीचं काम कोण करतं?

आता दोरीविषयी. आमच्या कारखान्यात लाइनवर एक दोरी असे. कुणालाही, अगदी झाडू मारणाऱ्यालाही, काही चुकताना दिसलं की त्याने ती ओढायची. घंटा वाजली की लाइन थांबायची, आणि दोष सापडून बाहेर काढेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. जपानी पद्धत आहे, फार गुणाची. तशीच दोरी मी दवाखान्यात पहिल्याच दिवशी बांधली होती, टोकाला आमच्या देवघरातली घंटा लावून. (आमची ही अजून ती शोधते आहे. कृपया विहीणबाईंना सांगू नये.) सगळ्यांना नियम समजावून दिला. इतके दिवस दोरी कुणीच ओढली नव्हती, त्यावरून काही चुकत नाहीये अशी माझी खात्री पटली होती.

शुक्रवारी मात्र सगळं म्हाळुंगे लोटलं. गुरुवारी गावी जाऊन पोट बिघडवून आलेले, सुट्टीला जोडून दांडी मारलेले आणि आता सर्टिफिकेट हवं असलेले, आणि त्या सर्वांना सोबत म्हणून आलेले. मी घाबरलो नाही. वेळ वाचावा म्हणून रांगेतल्या प्रत्येकाच्या तोंडात मी आधीच थर्मामीटर द्यायला सुरुवात केली (प्रत्येकाला वेगळं, एवढं मलाही कळतं). त्याने तापही कळतो आणि आवाजही कमी होतो. तेवढ्यात निळ्या शर्टातले एक गृहस्थ आले आणि काही सांगू लागले. मी म्हटलं, सगळं आत सांगा, आणि त्यांच्याही तोंडात थर्मामीटर ठेवलं. ते छातीकडे बोट दाखवू लागले. पुन्हा पुन्हा दाखवू लागले. छातीत दुखतंय म्हटल्यावर मी वेळ दवडतो होय? कुणाच्या तरी सोबतीला आलेल्या चिमाजीच्या मदतीने मी त्यांना उचलून आतल्या कॉटवर आडवं केलं आणि त्यांचे बूट काढले. ते बोट छातीवर लटकणाऱ्या कंपनीच्या ओळखपत्राकडे होतं, हे नंतर कळलं.

शुभदा बाहेर आली. तिने कॉटकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि तिने दोरी ओढली.

दादासाहेब, काय शांतता पसरली म्हणून सांगू! तोंडात थर्मामीटर धरून सगळे जागच्या जागी उभे. मला क्षणभर अभिमानच वाटला. शुभदा म्हणाली, “बाबा, नियम काय आहे?” मी म्हटलं, दोष सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. ती म्हणाली, “सापडला.” आणि तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं. अगदी आदराने, बरं का. आपले संस्कार.

मी समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर जाऊन बसलो. मागून तिचा आवाज आला: ज्याला बरं नाही त्याने थांबा, बाकीच्यांनी बाहेर चहा घ्या. अर्धी गर्दी माझ्याकडेच आली. चिमाजीचा तो बीपीवाला दोस्त शेजारी बसत म्हणाला, “काका, तुमालाबी भायेर काढलं का?” मग मी त्या सर्वांना आमच्या कारखान्यातल्या संपाची हकिकत सांगायला घेतली. हकिकत निम्मी झाली नव्हती, तेवढ्यात दवाखाना मोकळा झालेला दिसला. एक डॉक्टर, एक सिस्टर, आणि मोकळा! अधिकाऱ्यांचं बीपी खरोखरच वाढलेलं निघालं. त्यांना ठाऊकच नव्हतं. शुभदाने औषध दिलं, समजावून सांगितलं, माझ्याबद्दल माफी मागितली. जाताना ते म्हणाले म्हणे, की जी डॉक्टर पेशंटसाठी सासऱ्याला बाहेर काढते, तिच्याकडे आमची माणसं निर्धास्त पाठवता येतील. काम मिळालं, दादासाहेब! आणि ते कुणामुळे मिळालं, हे आपल्यासारख्या जाणत्या माणसाला सांगायला नको.

विहीणबाईंना नमस्कार, गुडघ्यांना आराम, आणि आपल्याला आमच्याकडे चार दिवस येण्याचा आग्रह.

आपला,
सदाशिव

ता. क. काम मिळालं तरी मला दवाखान्यात येऊ नका असं सांगण्यात आलं आहे. आजची सकाळ फार मोठी वाटली. डब्यांकडे नुसतं बघून झालं. तेव्हा आपण शुभदाशी बोलावं. मला आतली खुर्ची नको. गर्दीतली निम्मी माणसं सोबतीची असतात आणि त्यांना बाहेर बोलण्यात गुंतवून ठेवणारं कुणीतरी हवं, एवढं माझ्या अभ्यासातून सिद्ध झालंच आहे. बाहेर निंबाखाली एक खुर्ची पुरेल. विनाकारण तासन्‌तास बोलण्याचा माझा अनुभव आपण जाणताच.

ता. क. २. लग्नात मांडवातून निघताना आपण माझ्यापुढे हात जोडून म्हणाला होता, पोरीचं काही चुकलंमाकलं तर पोटात घाला, तिला सांभाळून घ्या. तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. आज तेच हात मी आपल्यापुढे जोडतो. आपल्या मुलीला सांगा, सासऱ्याचं चुकलंमाकलं पोटात घाल, त्याला सांभाळून घे.

ता. क. ३. हे पत्र पेटीत टाकायला शुभदाकडेच देतो आहे, दवाखान्याच्या वाटेवर पेटी आहे. घरातला डिंक नेमका संपल्यामुळे पाकीट उघडंच आहे. फलटणला पोहोचलं नाही, तर काम झालं असं समजावं.