वर्गणीचा वर्ग

७ जून २००२

वीस! वीस मुलं मिळाली नाहीत तर यंदापासून तत्त्वज्ञान बंद. प्राचार्यांनी आज चहा पाजून सांगितलं. चहा आला तेव्हाच ओळखायला हवं होतं, एरवी त्यांच्या केबिनमध्ये कुणी पाणी विचारत नाही. "विषय गेला की तुम्ही अतिरिक्त, मॅडम. पाठवतील तिकडं जायचं. सुटायचं असेल तर मुलं आणा."

आणा म्हणे! मंडईतली मेथी आहे का?

पंधरा वर्षं शिकवतेय मी. आणि आता अतिरिक्त! घरी सांगितलं तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कॉम्प्युटर क्लासच्या बाहेर उभी राहा. तिथले नापास झालेले मिळतील." मी कडाकडा भांडले. मग जेवले नाही. मग भूक लागली म्हणून जेवले.

१० जून

गावं वाटून झाली, इलेक्शनला वाटतात तशी. मराठीच्या सरांनी पेठ वडगाव उचललं, तिथं त्यांची सासुरवाड. मला उचगाव.

म्हटलं, आधी घरच्या जवळचं बघू. राजारामपुरीत एका बाईंकडं गेले. दोन्ही मुलींचे फोटो भिंतीवर, हातात बक्षिसांचे कप. नीट ऐकून घेतलं माझं. मग अगदी काळजीनं म्हणाल्या, "अहो, पण आमची मुलगी हुशार आहे हो!"

जिना उतरताना हसू आलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत टिकलं.

१२ जून

उचगाव. ऊन मी म्हणतंय. पाऊस कुठं अडकलाय कुणास ठाऊक. ल्यूना दोनदा बंद पडली.

पारावरच्या एका आजोबांनी विचारलं, "तत्त्वज्ञान म्हंजे परवचन? सप्त्याला म्हाराज येत्यात की आमच्यात. फुकाट." दुसऱ्यानं थेट, "नोकरी लागंल का?" खोटं बोलवेना. म्हटलं, लागेलच असं नाही. "मग हितवर कशाला आलाय उन्हातनं?" पंधरा वर्षं पोरांना हेच सांगत आलेय की माणसाला विचार करता आला पाहिजे, आणि पारावर माझी बोबडी वळली!

शेवटी झुंबरबाईंच्या दारात टेकले. पाच म्हशी, दूधसंस्थेत वट. गल्लीत त्यांचा शब्द कुणी मोडत नाही म्हणे. "बसा की पावणं," म्हणून गूळ-पाणी दिलं. सगळं ऐकलं. मग विचारलं, "तुमचं पोरगं काय शिकतंय?"

"कॉम्प्युटर."

हसल्या नाहीत. नुसतं "आस्सं," म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उठले, तर पाठीमागून हाक. "किती नावं पायजेत?"

"वीस."

"मग लिवा की! पयलं आमच्या सुनंचं. पूर्णिमा. बारावी हाय, सत्तर टक्क्यानं."

आणि गल्ली हिंडल्या माझ्याबरोबर. कुठं कुठं बारावी झालेल्या सुना निघाल्या! चुलीपुढं, गोठ्यात, शिलाई मशीनवर. फौंड्रीत कामाला जाणारी चार पोरंही मिळाली. पूर्णिमा मात्र दारातच उभी राहून माझ्या यादीकडं बघत होती.

१५ जून

झाले! वीसच्या वर झाले! तेही फी भरून. छातीवरचा धोंडा उतरला. प्राचार्यांनी आज स्वतःहून "बसा" म्हटलं.

१ जुलै

पहिला तास. वर्गात मी, फळा आणि एक चिमणी.

३ जुलै

आजही कुणी नाही. तडक उचगाव गाठलं. रागात होते. झुंबरबाई धारेला बसल्या होत्या.

"अहो, वर्गाला कुणीच येत नाही!"

"यायचं हुतं व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुमची नड हुती, आमी नावं दिली, पैसं भरलं. तालमीच्या गणपतीला वर्गणी दिली म्हंजे मिरवणुकीत लेझीमबी खेळायचं असतंय व्हय?"

दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, म्हणून माझ्या पदरात वीस माणसं टाकली होती त्यांनी. राग कुठल्या कुठं गेला. रडूच आलं तिथं, म्हशीपुढं.

१५ जुलै

परवा वर्कलोड तपासायला शिक्षण खात्यातले साहेब येणार. वर्गात बसून डोकी मोजणार. लाज गुंडाळून ठेवली आणि झुंबरबाईंना म्हटलं, एक दिवस पाठवा सगळ्यांना. एकच दिवस.

"एवढंच हुतं तर आधी सांगायचं न्हाय व्हय! वऱ्हाड नेतो तसं नेतो."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तत्त्वज्ञानाच्या बाई, हे नैतिक आहे का?" गप्प बसा म्हटलं.

१७ जुलै

दुधाच्या टेम्पोतून आले सगळे! सुना नव्या साड्यांत, गजरे माळून. फौंड्रीतली पोरं इस्त्रीच्या शर्टात. झुंबरबाई बाहेर व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, कुणी पळू नये म्हणून.

साहेब मागच्या बाकावर. डोकी मोजली. उठतील म्हटलं तर नाही. "चालू द्या, मॅडम."

माझं डोकं रिकामं! काढलेल्या नोट्स घरी टेबलावर. समोर हे वऱ्हाड. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं: शेजारणीची म्हैस सुटून तुमच्या वैरणीत शिरली. पोटभर खाल्लं. कुणी बघत नाहीये. तुम्ही तिची धार काढून घेतलीत. चूक की बरोबर?

आई गं! काय कालवा झाला!

"चूक कशी? वैरण कुणाची?"

"म्हस तिची हाय की!"

"आगं, पर वैरणीचंच दूध झालं न्हवं!"

"मग शेणबी वाटून घ्या!"

फौंड्रीतलं एक पोरगं बाकावर उभंच राहिलं. आणि मग पूर्णिमा उठली. पदर सावरत, हळू आवाजात. "मॅडम, कुणी बघत न्हाय असं तुमी मुद्दाम का सांगितलं? कुणी बघत असलं तर उत्तर बदलतंय व्हय?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

जीव ओवाळून टाकावा वाटला पोरीवरून. पंधरा वर्षांत फार थोड्यांनी विचारलंय असं काही. ही पोरगी दोन वर्षं शेण काढतेय, आणि हे तिच्या आत होतं!

बेल झाली. कुणी उठेना. साहेबच मागून म्हणाले, "पण मॅडम, म्हैस बांधली का नव्हती?" अहो साहेब!

१९ जुलै

विषय राहिला. मीही राहिले. ह्यांनी पेढे आणले आणि वर म्हणाले, "बघ, मी म्हणत होतोच!" काय म्हणत होते कुणास ठाऊक. पण मोकळं वाटतंय. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

फक्त सोमवारी वर्गात जायचं नको वाटतंय. वर्गणी फिटली, वऱ्हाड परतलं. पुन्हा मी, फळा आणि चिमणी.

२२ जुलै

आले!!

कुणी बोलावलं नव्हतं. टेम्पो नाही, केएमटीच्या बसनं आले, उभ्यानं. सगळे नाहीत, निम्मे असतील. गजरे नव्हते, वह्या होत्या. पूर्णिमा पहिल्या बाकावर. म्हणाली, "मॅडम, म्हशीचं ऱ्हायलंय की अजून."

फळ्याकडं तोंड करून उभी राहिले जरा वेळ. खडू शोधतेय असं दाखवलं.

१४ ऑगस्ट

झुंबरबाई तास चालू असताना दारात. चेहरा लालबुंद. "काय शिकवलंय वो सुनंला? कायबी सांगा, 'का?' म्हणती. 'कशावरनं?' म्हणती. मला उत्तर देता येत न्हाय!" संपलं, म्हटलं. आता हिला हाताला धरून नेणार. पूर्णिमा पांढरीफटक.

झुंबरबाई आत आल्या. सुनेला जरा सरकायला लावून तिच्याशेजारी बसल्या.

"नाव लिवू नका माझं. सातवी नापास हाय. नुसतं बसतो."