बायोडेटाच्या फोटोबरहुकूम कान

शोळिंगनल्लूर, चेन्नई
रविवार, सकाळ

तीर्थरूप माधवमामा यांच्या पायांशी भाचा कुशल याचा दंडवत. कान धरूनच घालणार होतो, पण माझे कान सध्या धरता येण्याजोगे राहिलेले नाहीत, आणि ते का, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? कमलिनीमामींची साखर आटोक्यात आहे ना? वखारीत नवी करवत बसवल्याचं आईकडून कळलं, आणि तुम्ही अजून चष्म्याशिवाय रेघ मारता हेही कळलं. विश्वजित आणि सूनबाई मजेत असतील. (त्यांच्या लग्नाला मी आलो नाही, त्या विषयावर येतोच आहे. पत्र फाडायचं असेल तर निदान तिथपर्यंत वाचून फाडा.)

आठ महिने झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. मोबाइलवर पाठवलेले नमस्कारही तुम्ही उघडून न बघता ठेवून देता. म्हणून कागद घेतला. पोस्टमननं हातात दिलेली वस्तू तुम्ही वाचल्याशिवाय राहत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. विजेचं बिलसुद्धा तुम्ही मागच्या सूचनांसकट वाचता.

आता मुळापासून सांगतो. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला बार्शीतल्या स्टुडिओत नेऊन बायोडेटासाठी फोटो काढवलात. कोट स्टुडिओचा, टाय स्टुडिओचा, मागचं तळं आणि त्यातली बदकंही स्टुडिओची. माझं म्हणावं असं त्यात फक्त डोकं होतं. फोटो हातात आला तेव्हा मी नेहमीपेक्षा बरा दिसतोय एवढं जाणवलं, पण का, ते कळेना. कळायला दोन वर्षं लागली. तुम्हीच सुचवलेली कीर्ती, ती नाशिकची, इथून जवळच सिरुसेरीच्या कंपनीत असलेली, इथल्या एका कॉफीच्या दुकानात माझ्यासमोर बसली होती. तिनं मोबाइलवर फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला (नवा भाडेकरू आला की घरमालक आधार कार्ड बघतो तसा) आणि विचारलं, "ह्यात तुमचे कान कुठे गेले?"

खोलीवर येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर स्टुडिओवाल्यानं दोन्ही कानांवर चक्क रंधा मारला होता. आणि तो मारायला तुम्हीच सांगितलं होतं, हे मी विश्वजितकडून काढून घेतलं. (त्याला रागावू नका, त्याच्या पोटात काही राहत नाही हे आपल्याला माहीत आहे.) आता कुठलाही शहाणा माणूस अशा वेळी फोटो बदलून घेईल. मी कान बदलून घ्यायचं ठरवलं.

मामा, तुमच्या घराण्याचे कान म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगणार. आजोबांचे तसे, तुमचे तसे; समोरून पाहिलं की कढईच्या कड्यांसारखे दोन्हीकडे उभे. तुमच्या एका कानावर तांबडी पेन्सिल, दुसऱ्यावर निळी, आणि तरीही तिसरी वस्तू ठेवायला जागा. विश्वजितचे कान मामींवर गेले. म्हणजे हे कान पुढे चालवणारा मी एकटाच उरलो होतो. शाळेत त्यावरून जे काही ऐकलं ते सोडा, पण सातवीपासून मी केस वाढवून ते झाकत आलो आणि कॉलेजच्या एकाही फोटोत माझे कान दिसणार नाहीत याची मी मन लावून काळजी घेतली. ह्या गोष्टीचा पुढे केवढा पश्चात्ताप होणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

इथल्याच रस्त्यावर, इडलीच्या हॉटेलच्या वर एक दवाखाना आहे. केस लावणं, नाक सरळ करणं आणि चामखीळ काढणं, सगळं एका खोलीत. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कान कसे हवेत? मी बायोडेटाचा फोटो पुढे ठेवला. त्यांनी तो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि ऑपरेशनच्या वेळी समोर टांगला. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला मी आजही नाव ठेवत नाही. चूक एवढीच झाली की स्टुडिओवाल्यानं रंधा मारला होता तो फक्त मधल्या भागावर. कानाचं वरचं टोक आणि खालची पाळी हे त्याच्या नजरेतून सुटलं होतं, किंवा जेवायची वेळ झाली होती. डॉक्टरांनी तेही बरहुकूम उतरवलं. पट्टी सुटली तेव्हा माझ्या कानांचा मधला भाग कवटीला चिकटलेला आणि वरची-खालची टोकं पुढे आलेली होती.

त्यातून काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. चष्म्याची काडी बसायला कानामागे मोकळी जागा लागते, हे ज्ञान मला एकतिसाव्या वर्षी झालं. हेल्मेट काढताना वरची टोकं आत अडकतात आणि सिग्नलला मागचे लोक हॉर्न वाजवतात. आमच्या गटाचा प्रमुख व्यंकटेश, भला माणूस, तीन दिवस माझ्याकडे बघत राहिला आणि चौथ्या दिवशी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारून गेला. एकदा घरी कोणी नसताना मी कानावर पेन्सिल ठेवून पाहिली. ती खांद्यावरून घरंगळत पार पलंगाखाली गेली. मी ती काढायलाही वाकलो नाही.

पट्टी सुटली ती विश्वजितच्या लग्नाआधी तीन आठवडे. ऑफिसात काम आहे, रजा मिळत नाही, असं जे मी कळवलं ते धादांत खोटं होतं. रजा मंजूर झालेली होती. पण फेटा बांधला की माणसाच्या डोक्याचे फक्त कानच बाहेर उरतात, आणि बाबांच्या मागे ज्यांनी मला वाढवलं त्यांच्याच मांडवात, त्यांचेच कान कापून आलेला भाचा म्हणून उभं राहायची माझी छाती झाली नाही. तुम्ही मला माजोरी समजलात. मी भित्रा आहे. ह्या दोहोंत तुम्हाला कमी राग कशाचा येईल हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं मात्र जरा टेकून बसून वाचा, कारण मी जे पाहिलं आहे ते अजून माझ्या डोक्यात मावत नाही.

कीर्ती मला मध्यंतरी कंपनीच्या बसथांब्यावर भेटली. तिनं दोन्ही बाजूंनी कान पाहून घेतले. दोन दिवसांनी एका कागदावर पत्ता लिहून आणून दिला: चेन्नईतल्याच अंबत्तूरच्या डॉक्टर राजसबाई. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी, त्यांचे पूर्वज तिकडे गेले त्याला तीनशेहून जास्त वर्षं झाली, आणि त्या बोलतात ती मराठी तेव्हाची. चाल तमिळ, शब्द जुन्या दस्तऐवजातले. माझी निम्मी मराठी त्यांना कळत नाही आणि त्यांची निम्मी मला, तरी अडत काही नाही. वय साठीच्या पुढे, अंगानं किरकोळ, पायात रबरी चप्पल. पाहून वाटतं, ह्या बाई आपल्याला फार तर लोणचं घालून देतील.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत देविका नावाची नऊ वर्षांची मुलगी बसली होती. उजवा कान तिला जन्मतः नव्हताच. नव्हता म्हणजे मामा, पाळीपुरता एक मांसाचा गोळा, बाकी सपाट. राजसबाईंनी तिच्या बरगडीतली कूर्चा (नाकाच्या शेंड्याला असतं ना, तसलं मऊ हाड) काढून, कोरून, कातडीखाली बसवून कान उभा केला. मी तो जवळून पाहिला. कड होती, कडेच्या आत दुसरी कड होती, मधली वाटी होती. त्या दिवशी तो टोचून घ्यायचा होता, आणि त्यासाठी तिचे मामा तिरुनेलवेलीहून रात्रभर बसमध्ये बसून आले होते, कारण इकडे कान टोचायचे ते मामाच्याच मांडीवर. नऊ वर्षांची घोडी त्यांच्या मांडीवर मावत नव्हती, पाय जमिनीला लागत होते, पण ते हलले नाहीत. सुई गेली तेव्हा ती रडली नाही, ते रडले. मला एकदम तुमच्या मांडीची आठवण झाली. माझे कान टोचले तेव्हा मी तुमच्याच मांडीवर होतो आणि तुमच्या नव्या धोतराचं मी काय केलं, हे मामी दर दिवाळीला सांगतात.

मग माझा नंबर आला. राजसबाईंनी बायोडेटाचा फोटो माझ्या कानाशी धरला, पट्टी लावून मापं घेतली. इतकं तंतोतंत वाईट काम चाळीस वर्षांत पाहिलं नाही, असा काहीसा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ होता. नंतर त्यांनी टेबलाच्या खणातून अंगाला लावायचा साधा साबण काढला आणि छोट्या सुरीनं कोरायला घेतला. कोरता कोरता त्या फोनवर गॅसवाल्याला झापत होत्या. नजर साबणावरही धड नव्हती. दहा मिनिटांत त्यांच्या तळहातावर कान होता. मामा, मी तुम्हाला सागवानी फळीवर नुसत्या नजरेनं सरळ रेघ मारताना पाहिलं आहे. त्यानंतर कुठल्या हातांपुढे हात जोडावेसे वाटले असतील तर ते ह्या बाईंच्या. त्यांनी समजावलं ते असं: कानामागचे जुने टाके सोडवायचे, चिकटलेला भाग कवटीपासून मोकळा करायचा, आणि बरगडीतल्या कूर्चेची पाचर मागे मारून तो पुन्हा उभा करायचा. पाचर हा शब्द मी त्यांना दिला. त्यांना फार आवडला.

मग त्यांनी विचारलं, तुमचा मूळचा कान कसा होता तो सांगा. आणि मामा, मला सांगता येईना. एकतीस वर्षं जो घेऊन फिरलो, ज्याच्यावरून रडलो, जो झाकला, जो शेवटी कापून घेतला, तो दिसतो कसा हे मी कधी धड पाहिलंच नव्हतं. फोटोंतून मी त्याला स्वतःच हुसकावून लावलं होतं. त्यांनी विचारलं, घरात असा कान आणखी कुणास आहे? मी म्हटलं, मामांना आहे. त्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कान कापण्याअगोदर मामास विचारलंत का?"

नाही विचारलं. आज विचारतो आहे, उशिरा.

फोटोवर रंधा मारवलात त्याचा मला पूर्वी राग होता, आता नाही. तुमच्या लग्नाच्या फोटोत तुमचे कान मुंडावळ्यांच्या बाहेर जसेच्या तसे आहेत. स्वतःचे तुम्ही कधी लपवले नाहीत. मामींच्या आधी तीन ठिकाणहून तुम्हाला ह्याच कानांवरून नकार आला होता हे आईनं मला गेल्या महिन्यात सांगितलं, आणि मग तुम्ही माझ्यासाठी स्टुडिओवाल्याला काय म्हणाला असाल ते मला बरोबर ऐकू आलं. तुमच्या तिन्हींनंतर ह्या कानांपायी चौथा नकार माझ्या वाट्याला आलेला तुम्हाला बघायचा नव्हता. मी मात्र त्याचा अर्थ असा लावला की तुम्हालाही त्या कानांची लाज वाटते. माझं चुकलं.

ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आहे. काळजीचं कारण नाही. मामींना नमस्कार, विश्वजितला माझ्याकडून एक रट्टा आणि सूनबाईंना आशीर्वाद (मी मोठा दीर आहे, एवढं तरी चालावं).

आपला,
कुशल

ता. क. राजसबाईंना तुमचे कान हवे आहेत. फक्त पाहायला. तासभर त्यांच्यासमोर बसायचं, त्या पारदर्शक कागदावर कड उतरवून घेतील. कानाला काय काय काम करता यायला हवं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी पेन्सिल धरता यायला हवी एवढंच सांगितलं. तर येताना तुमची ती तांबडी पेन्सिलही आणा. सोलापूरहून दहा तारखेचं तिकीट सोबत जोडलं आहे. खालचा बर्थ आहे.

ता. क. दुसरा. खोटं पुरे झालं म्हणून लिहितो. राजसबाई म्हणाल्या, लहानपणचा एखादा फोटोही चालेल, आणि कान टोचतानाचा तुमच्या मांडीवरचा फोटो आईनं परवाच पाठवला आहे. त्यात तुमचे आणि माझे मिळून चारही कान लख्ख दिसतात. तेव्हा कानासाठी तुम्ही आलाच पाहिजेत असं नाही. पण तेरा तारखेला कीर्तीचे आईवडील लग्नाचं बोलायला नाशिकहून येत आहेत. मी डोक्याला पट्ट्या गुंडाळून पलंगावर असेन, आणि माझ्या बाजूनं बोलणी करायला बाबा नाहीत. कीर्तीलाही तुम्हाला पाहायचंय. पुढे घरात कुठले कान यायचे आहेत ते आधी माहीत असलेलं बरं, असं ती म्हणते, आणि म्हणताना हसते.

ता. क. तिसरा. मी सेंट्रल स्टेशनवर तुमच्या डब्यासमोरच उभा असेन. गाडीत वारं लागतं म्हणून तुम्ही कानटोपी घालता, ती उतरायच्या आधी काढा, म्हणजे एवढ्या गर्दीत मी तुम्हाला लांबूनही ओळखीन. मला मात्र तुम्ही ओळखाल की नाही, याची खात्री वाटत नाही. म्हणून मीच येऊन तुमची पिशवी धरीन.