उष्टा कार्बुरेटर

११ ऑगस्ट १९४६, रविवार

पुन्हा खंबाटकी! तिसऱ्या वळणावर गाडी बसली ती बसलीच. पलीकडे खंडाळ्यात पेशंट पोट धरून वाट बघतोय आणि इकडे त्याचा डॉक्टर घाटात छत्री धरून उभा. शेवटी एका बैलगाडीनं नेऊन पोचवलं. चिखलानं माखलेला मी आत शिरलो तर पेशंटच म्हणाला, "डाक्तर, तुमचं बरं हाय न्हवं?"

संध्याकाळी पोवई नाक्यावरच्या आकाराम मिस्त्रीला दाखवली. लष्करात ट्रक चालवून आलेला माणूस. इंजिनाला कान लावून ऐकतो. म्हणाला, "कार्बोटर म्हातारा झालाय, डाक्टरसाब. पुन्याला मिलिटरीच्या भंगारात ट्रकाचे ढिगानं पडल्यात. एक आनतो. दांडगं काम."

कार्बुरेटर म्हणजे हवेत पेट्रोल कालवून इंजिनाला पाजणारं भांडं. एवढं मला कळतं. एवढंच कळतं.

मी साफ सांगितलं—दुसऱ्यानं वापरलेला भाग म्हणजे उष्टी पत्रावळ. जन्मात उष्टं खाल्लं नाही, गाडीलाही घालणार नाही. मुंबईला नव्याची मागणी फेब्रुवारीतच गेली आहे. विलायतेहून यायचा तेव्हा येईल.

घरी बायकोला हे ऐकवलं तर गोदावरी म्हणते, "आणि डॉक्टरकी शिकलात ती पुस्तकं कुणाची होती?"

मामांची जुनी होती. पण हे बोलायची काय गरज होती!

२१ ऑगस्ट

नवा आला! लाकडी पेटी, आत भुसा, भुशात तेलकट कागद, आणि कागदात—काय सांगावं! पितळ असं की आपला चेहरा दिसावा. इतकी बारीक भोकं माणसानं पाडली तरी कशी? समुद्र ओलांडून हे भांडं साताऱ्यात माझ्या पाटावर आलं. बराच वेळ नुसता बघत बसलो. जेवण निवलं.

गोदावरीनं हळद-कुंकू वाहिलं, वर अक्षता. कामाची साळूबाई भांडी घासायची सोडून आली, तिनंही हात जोडले.

२५ ऑगस्ट

घाट दूरच. भुईंजलाच गाडी आचके देऊन बंद.

आकारामला बोलावून आणलं. त्यानं नवा कार्बुरेटर उघडला, फुंकला, उजेडात धरला, काडीनं काहीतरी टोकरून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला!

"डाक्टरसाब, गाडी पेट्रोलवर चालती. भातावर न्हाई."

गोदावरीला सांगितलं तर म्हणाली, देवाला सगळीकडे जाता येतं, तुमच्या गाडीत जाता आलं नाही तर तिचा दोष.

२८ ऑगस्ट

दाणा काढूनही खंबाटकीत गाडी कण्हतकुथतच चढली. म्हणजे चढली, पण मी पायी चाललो असतो तर बरोबरीनं पोचलो असतो. आकारामचं म्हणणं: "नवा हाय, पर जातीचा त्योच. तोंड तेवडंच. इंजनाला मोठ्या तोंडानं श्वास घिऊ द्या की."

डॉक्टरला श्वासाबद्दल कोणी शिकवावं असं नाही. पण पटलं. चिडून म्हणालो, "आण बाबा तुझं उष्टं!"

८ सप्टेंबर, रविवार

काय आनंद झालाय!

आकारामनं पुण्याहून लष्करी ट्रकाचा कार्बुरेटर आणला. दिसायला ओबडधोबड. खरवडलेला, काळपट, एका कानाला टवका. बसेना म्हणून दोन दिवस कानस घेऊन घासत होता. आज सकाळी खंबाटकीच्या पायथ्याला मी सवयीनं देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला.

गाडी हुंकारली! चौतीस सालची माझी गाडी, जिला बैल मागे टाकत होते, ती वळणामागून वळण चढत गेली. तिसरं वळण कधी गेलं कळलं नाही. शेजारी आकाराम डोळे मिटून बसला होता. माथ्यावर थांबलो, तर खाली सगळा मुलूख धुक्यात. मी खाली उतरून टोपी काढली. कशापुढे काढली, सांगता येणार नाही. उष्ट्या भांड्यापुढे म्हणा.

"कुठून आला रे हा?" विचारलं.

"कुटनं कुनास ठावं. लढाईच्या ट्रकाचा हाय एवडं खरं."

९ सप्टेंबर

माझ्या जिभेला हाड नाही.

जेवताना गोदावरीला घाटाचं वर्णन करत होतो. रंगात आलो. "अगं, हे भांडं मिसरच्या वाळवंटात लढून आलंय! तोफांच्या माऱ्यातून!" मला काय माहीत कुठे लढलंय? पण वर्णनाला शोभा हवी ना. साळूबाई ताटं उचलत होती. ती तशीच उभी राहिली.

साळूबाईचा मुलगा नाथाजी मिसरच्याच, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात गेला. एकुलता एक. पलूसच्या बाजूला कृष्णाकाठी तिचं गाव, आकारामही तिथलाच. दोघं एका दिवशी भरती झाले, दोघंही ट्रकावर. बेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली—बेपत्ता, मृत समजावा. प्रेत नाही, राख नाही, सदऱ्याचं बटणसुद्धा नाही. गावात मन लागेना म्हणून ती आमच्याकडे आली. चार वर्षं झाली, पोराचं काही केलेलं नाही. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करू. तिचं एकच: "गवताचा बाव्हला म्हंजी माजा नाथा न्हवं. त्येचं कायतरी हातात द्या, मग करती." रोज एक भाकरी बाजूला काढून ठेवते. कुणासाठी, हे कोणी विचारत नाही.

संध्याकाळी आकाराम पेट्रोलची कुपनं न्यायला आला. एरवी तो तिच्यासमोर मान वर करत नाही—आपण परत आलो याचीच लाज. तिनं त्याला दारातच धरलं. "आकारामा, त्या भांड्यात तितली वाळू आसंल का रं? चिमूटभर?"

तो कुपनं खिशात घालून तसाच निघून गेला. मला "अगं, मी थाप मारली" एवढे चार शब्द म्हणता आले नाहीत.

१२ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. आकारामचं दुकान दोन दिवस बंद. आई आजारी म्हणून गावाकडे गेलाय म्हणे. गाडीचं ब्रेकचं काम अर्धवट टाकून! पाऊस लागून आहे, माहुलीला कृष्णेनं पायऱ्या बुडवल्यात.

१४ सप्टेंबर

आकाराम आला. तापानं फणफणलेला, नाक वाहतंय, आवाज बसलेला. गावात काय दिवे लावलेस म्हणून रागावलो, मिक्श्चर दिलं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढून साळूबाईपुढे धरली.

"मावशे, कार्बोटर धुतला तवा निघाली व्हती. ठिवली व्हती मी."

पुडीत वाळू! मूठभर.

मी म्हणालो, "अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुमी म्हनला असता, उष्ट्यात वाळू बी हाय. नगं म्हनला असता."

बरोबर आहे. म्हणालोच असतो.

साळूबाईनं पदरात घेतली. मला वाटलं रडेल. रडली नाही. बोटांनी चोळून बघितली, बराच वेळ. मग आकारामच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "किती तापलाईस रं." त्याला काढा करून दिला. आणि म्हणाली, या अमावास्येला नाथाचं करायचं.

मी थाप मारली आणि थाप खरी निघाली! तो कार्बुरेटर खरंच तिथून आला. लाखो ट्रकांतला एक, नेमका इथे, नेमका माझ्या गाडीत. मी देवभोळा नाही, पण आज देवापुढचा दिवा मीच लावला.

१५ सप्टेंबर

साळूबाईला विचारून चिमूटभर वाळू घेतली होती. आज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

वाळवंटातली वाळू पिवळी असते असं वाचलं होतं. ही काळसर आहे. इंजिनाच्या तेलानं काळवंडली असणार. दमटही होती—पेट्रोल. वास मात्र उडून गेलाय. कण न् कण वेगळा. आणि त्यात, डाव्या कडेला, एक शिंपल्याचा तुकडा! नखाच्या टोकावर हरवेल एवढा. वळणं स्पष्ट दिसतात.

शिंपला, वाळवंटात! म्हणजे तिथे कोणे एके काळी समुद्र होता. समुद्र आटला, वाळवंट झालं, त्यावर लढाया झाल्या, त्यात आमचा नाथाजी गेला, आणि तो शिंपला एका भांड्यात बसून खंबाटकी चढला. गोदावरीला बोलावून दाखवलं. तिनं एक डोळा मिटून पाहिलं, म्हणाली, "सुंदर आहे हो."

१८ सप्टेंबर

मुंबईच्या व्यापाऱ्याचं पत्र—नवा कार्बुरेटर समाधानकारक आहे ना? तो पेटीत घालून माळ्यावर ठेवला आहे. गाडीतला लष्करी आता काढणे नाही. साळूबाई रोज सकाळी बॉनेटवर एक फूल ठेवते. आत काही घालू नको एवढं मी सांगितलं.

२५ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

साळूबाईला गाडीतून माहुलीला नेलं. ती पुढच्या सीटवर बसायला तयार नव्हती. आकाराम म्हणाला, "बस की मावशे, नाथाच्या इंजनाम्होरं बसायचं." मग बसली. गाडी त्यानं चालवली. मी आणि गोदावरी मागे. इतकी सावकाश चालवली की सायकली पुढे गेल्या.

संगमावर पाणी उतरलेलं होतं. पिंड ठेवला आणि मागे सरकलो, तर कावळा लगेच शिवला. चार वर्षं वाट बघणारी बाई, आणि त्यानं अर्धं मिनिटही लावलं नाही. मग ती गुडघाभर पाण्यात गेली, पदराची गाठ सोडली. वाळू सोडताना म्हणाली, "जा बाळा. घरला आलास. आता जा."

आकाराम तिथेच पायरीवर खाली बसला आणि पोरासारखा रडला. ती पाण्यातून येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मुलगा तिचा गेला होता आणि समजूत ती त्याची घालत होती.

घरी येऊन तिनं बाजूला काढलेली भाकरी स्वतः खाल्ली.

२९ सप्टेंबर

आज साळूबाईला कौतुकानं स्लाइड दाखवली. शिंपला, आटलेला समुद्र, सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग दार लोटून म्हणाली—

"डाक्तर, समिंदर न्हवं. आमच्या गावच्या घाटाखालची किस्नेची वाळू हाय ती. जल्मभर तिनं भांडी घासली म्या, बोटाला कळती. भादव्यात तितं पुरुसभर पानी आसतंय. पोरानं बुडी मारून काडली, म्हनून तर तापला. त्येला सांगू नगा, मला कळलंय म्हनून."

मी विचारलं, "मग नाथाचं म्हणून का सोडलीस?"

"नाथा त्याच वाळूत रांगला. मूठ भरभरून खायाचा, तोंडात बोट घालून काडावी लागायची. तुमी उष्टं उष्टं म्हनता न्हवं? तशी त्येची उष्टीच हाय की ती."