माझ्या गारवेलीची प्रजाती

२ सप्टेंबर
गॅलरीतल्या गारवेलीला पहिली कळी. शेवटी! बिया स्वतःच्या हाताने पेरल्या होत्या. रविवारी बागप्रेमी मंडळासमोर प्रजातीचं नाव छातीठोकपणे सांगणार. सचिवपद खिशात. दुसरा उमेदवार दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे नुसते गुलाब. बायको म्हणाली, अहो, त्या कुंडीत तर मी... तिथेच थांबवलं. निरीक्षण चालू असताना बडबड चालत नाही.

३ सप्टेंबर
पुस्तक म्हणतं, पान बदामी असेल तर एक प्रजाती, तीन टोकांचं असेल तर दुसरी. माझ्या वेलीला दोन्ही. पुस्तक चुकलंय. शिवाय वेल दोरीवर चढायचं नाव घेत नाही, नुसती लोळते. मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्यावर गेलीय. दुर्लक्ष केलं.

४ सप्टेंबर
उद्या पहाटे फूल उमलणार, ऊन चढलं की मिटणार. त्याआधी उठून देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांवर लव आहे का, ते बघायचं. सगळं त्या लवेवर आहे. गजर लावला.

५ सप्टेंबर, सकाळी साडेदहा
फूल मिटून लुळं पडलंय. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, तुम्हीच बंद केलात. पुरावा काय? फूल तिने पाहिलं. फिकं जांभळं, आत गडद, फार गोड दिसत होतं म्हणे. संताप आला. वेल माझी आणि फूल बघणार ही!

६ सप्टेंबर, सकाळी अकरा
पुन्हा मिटलेलं. सूर्याला एवढी घाई कसली असते?

७ सप्टेंबर, पहाटे
उठलो! लव स्पष्ट दिसली. नाव पक्कं. कुंडीत खोचायच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहून टाकलं.

त्याच दिवशी, नंतर
चष्मा पुसल्यावर लव गेली. पण पाटी छान जमलीय. लव असणारच.

८ सप्टेंबर
लिहायची इच्छा नाही. कुंडी उचलून मंडळाच्या बैठकीला नेली. टेबलावर ठेवताना हातातून निसटली, फुटली. मातीतून चार लालबुंद रताळी घरंगळत थेट दातांच्या डॉक्टरच्या पायाशी. त्याने एक उचललं आणि म्हणाला, अभिनंदन, पीक चांगलं आलंय. टाळ्या पडल्या. सचिव तोच झाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको म्हणाली, कोंब आलेलं रताळं मीच खोचलं होतं, सांगू दिलंत का? मग माझ्या बिया कुठे गेल्या, असं मी ओरडलो. तिने ड्रॉवर उघडून गारवेलीच्या बियांचं पाकीट हातात दिलं.

पाकीट अजून फोडलेलंसुद्धा नाही.

रताळी उकडलीत. नको म्हणालो होतो. दोन खाल्ली.