लेखकाच्या वजनाइतकं चीज

४ सप्टेंबर, सकाळ
यादीत आलो! पूज पुरस्कार, पहिली यादी, दहा नावं, माझं आठवं. यादी अक्षरांच्या क्रमाने असते, म्हणजे आठवा असून पहिला असू शकतो. बायकोला समजावून सांगितलं. सोलांज म्हणाली, दहावाही असू शकतोस. तिची साहित्याची समज बेताची आहे. तीस वर्षं शाळेत साहित्य शिकवते, त्याचा परिणाम.

प्रकाशक शासान्य यांचा फोन. अर्धं वाक्य अभिनंदन, पुढे रडगाणं. माझ्या कादंबरीच्या चारशे बारा प्रती गोदामात पडून आहेत. पुरस्कार मिळाला तर त्यांना पुरस्काराचं नाव छापलेली लाल पट्टी गुंडाळून दुकानांत पाठवणार. नाही मिळाला तर कागदाचा लगदा. मी म्हटलं, पट्ट्या छापायला टाका. ते म्हणाले, बघू.

५ सप्टेंबर
आभाराच्या भाषणासाठी इतिहास टिपून ठेवतो. १९०८ साली आमच्या साँ-वर्नी गावचे चीजचे व्यापारी आंतोनँ पूज यांनी पुरस्कार सुरू केला, बायकोच्या हट्टापायी. ती दिवसभर कादंबऱ्या वाचायची. पूजना अक्षरओळख नव्हती. लेखक चांगला की वाईट हे त्यांनी ज्युरीवर सोपवलं. पण त्याला द्यायचं किती? ते त्यांनी जन्मभर जसं ठरवलं तसंच ठरवलं, काट्यावर. विजेत्याला दुकानाच्या काट्याच्या पारड्यात बसवायचं आणि त्याच्या वजनाइतकं चीज द्यायचं. रोख एक छदाम नाही.

ज्युरीत सातजण, सगळे तहहयात. नोव्हेंबरात हॉटेलात जेवायला बसतात आणि चार मतं एका नावावर पडेपर्यंत उठत नाहीत. १९३१ मध्ये निकाल लागेपर्यंत सहा वेळा गोड वाढावं लागलं होतं.

माझं वजन चौऱ्याहत्तर. विक्रम एक्क्याण्णवचा, १९५६ सालचा. चौऱ्याहत्तर किलोंनी कोण लक्षात ठेवणार? संकल्प: वजन वाढवणे.

८ सप्टेंबर
नाश्त्याला पाच क्रोआसाँ. दुपारी आलिगो, चीज घालून घोटलेला बटाटा, तीनदा. सोलांज म्हणाली, नवीन पुस्तक कधी लिहिणार? म्हटलं, त्याचीच तयारी चालली आहे.

२१ सप्टेंबर
एकोणऐंशी. जिना चढताना धाप लागते. चिंतनामुळे असावं.

२ ऑक्टोबर
दुसरी यादी. पाच नावं. आहे!

त्यात पेरीन दलोरही आहेत. पोस्टाच्या खिडकीवर बसतात. जेमतेम चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलो. एवढीशी बाई पारड्यात बसवली तर एका सकाळच्या गिऱ्हाइकीइतकं चीज निघेल. पुरस्काराची काही शान आहे की नाही! ज्युरी तसं होऊ देणार नाही.

एक पाकीट घेऊन मुद्दाम पोस्टात गेलो. सहज बोलल्यासारखं करून सांगितलं की पारड्यात बसणं नाजूक प्रकृतीला सोसत नाही, चक्कर येते. त्या म्हणाल्या, मस्यू रुदिल, तुमच्या पाकिटाचं वजन जास्त भरतंय, अजून एक तिकीट लावा.

७ ऑक्टोबर
ज्युरीतल्या माणसाला गाठणं शिष्टाचारात बसत नाही. मी ते करणार नाही. मात्र डॉक्टर फाब्रेग ज्युरीत असले तरी दातांचे डॉक्टरही आहेत. दात दुखला तर माणूस जाणारच.

८ ऑक्टोबर
दात दुखत नव्हता. गेलो. अर्धा तास खुर्चीत. कादंबरीचा विषय काढायचा होता, पण तोंडात त्यांचे दोन्ही हात. कोणता दात, असं विचारलं तेव्हा मोघम बोट दाखवलं. दाढ काढली. नंतर ती उजेडात धरून म्हणाले, अहो, ही तर ठणठणीत होती, मुळं काय खोल गेली होती! हे माझ्या लेखनाबद्दलही असावं.

१२ ऑक्टोबर
फक्त सूप. त्र्याऐंशीवरून ऐंशीवर आलो.

१६ ऑक्टोबर
पुन्हा डॉक्टर फाब्रेग. दुसरी दाढ. या वेळी सुई टोचायच्या आत विचारून टाकलं, कादंबरी आवडली का? ते म्हणाले, मोठ्ठा आ करा. नकार दिला नाही, हे महत्त्वाचं. सोलांज म्हणाली, ज्युरीत सातजण आहेत आणि तुला दात तीसच उरलेत, हिशोबाने वाग.

२७ ऑक्टोबर
शेवटची यादी. तीन नावं. मी आहे! दलोर बाईही आहेत. तिसरा कोणी पॅरिसचा आहे, त्याला इथली हवा मानवणार नाही. चावायला डावी बाजू वापरतो. अठ्ठ्याऐंशी.

आरशासमोर स्टुलावर बसून प्रॅक्टिस: पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, नजर दूर. सोलांज दारातून म्हणाली, अरे, न्हाव्याकडे बसला आहेस का?

९ नोव्हेंबर
त्र्याण्णव! विक्रम मोडला. फक्त पुरस्कार मिळायचा बाकी आहे.

१० नोव्हेंबर, दुपारी १२
हॉटेल. ज्युरी वरच्या मजल्यावर. आम्ही तिघं खाली बाकावर. वरून बदकाचा वास. दलोर बाई विणकाम करताहेत. हरण्याची तयारी आहे बिचारीची.

१.४०
चीज वर गेलं.

२.१०
गोड वर गेलं. एकदाच. म्हणजे झटपट एकमत. मी कोटाची बटणं लावली. दोन लागली नाहीत.

संध्याकाळी ६
दलोर बाई सहा, मी एक.

ते एक मत डॉक्टर फाब्रेग यांचं असणार. आभार मानायला गेलो तर म्हणाले, नाही हो, मी दलोर बाईंना दिलं, पण तुमच्या हिरड्या आता कशा आहेत?

मग चौकात वजन. महापौर म्हणाले, काटा वर्षभर तळघरात पडून होता, आधी कोणीतरी भरभक्कम माणूस बसवून तपासून घेऊ. अख्ख्या गावाने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणायचंही नव्हतं. बसलो. पाठ ताठ, हनुवटी वर. काटा त्र्याण्णववर थांबला. टाळ्या पडल्या, फोटोही निघाला. मग कडकन आवाज झाला, साखळी तुटली आणि मी पारड्यासकट जमिनीवर.

काटा कायमचा गेला. आता दलोर बाईंचं वजन कसं करणार? महापौरांनी पूज यांनी लिहवून घेतलेली नियमांची वही मागवली. नियम चौथा: त्या दिवशी काट्याने दाखवलेलं वजन हेच बक्षीस, त्यावर वाद चालणार नाही. आज काट्याने एकच वजन दाखवलं होतं. दलोर बाई म्हणत राहिल्या, अहो, मी चव्वेचाळीस किलोची आहे हो! महापौर म्हणाले, बाई, नियम म्हणजे नियम.

रजिस्टरात लिहिलं: पेरीन दलोर, त्र्याण्णव किलो, नवा विक्रम. दोन महिने मी त्यांच्यासाठी जेवत होतो.

१२ नोव्हेंबर
शासान्य यांचा फोन. सोमवारी गाडी येणार, चारशे बाराच्या चारशे बारा प्रती लगद्याला. मी वाद घातला नाही. वाईट वाटलं. या वहीत तरी खरं लिहितो, फार वाईट वाटलं. सहा वर्षं लिहीत होतो ते पुस्तक.

सकाळी दहाच्या सुमाराला दलोर बाई आल्या. हातात चीजचा मोठा तुकडा, वर त्यांची कादंबरी. म्हणाल्या, हे निम्म्याहून जास्त तुमचंच आहे. मी म्हटलं, सध्या चीज बंद आहे. सोलांजने दोन्ही घेतलं आणि त्यांना कॉफी दिली.

त्या गेल्यावर पेन्सिलीला टोक काढलं आणि दोष शोधायला कादंबरी उघडली. पहिल्याच पानावर एक स्वल्पविराम चुकलेला. खूण केली. दुसऱ्या पानावर काही नाही. दहाव्यावर नाही. पुढे पेन्सिल कुठे गेली कोण जाणे.

सोलांजने खांद्याला हात लावून हलवलं तेव्हा चार वाजले होते. मी जेवायचं विसरलो होतो.