हाक मारल्यावर वळून बघते

पिंपळवंडी,
१८ जानेवारी २०२६

प्रिय नसीम,

सप्रेम जयभीम. तू, अलिझा, भाऊ-भावजय सगळी पुण्यात खुशाल असाल. माझा फोन तू उचलत नाहीस, तो तुझा हक्क आहे, म्हणून कागदावर लिहिते. पत्ता तुझ्या मिस्टरांकडून, अन्सारभाईंकडून घेतला. आळेफाट्याला त्यांच्या सीटकव्हरच्या दुकानात गेले होते. चहा पाजला त्यांनी, बोलले थोडंच.

इकडे कांद्याची लागण उरकत आलीय. पोरांना अंगणवाडीत आजी-आजोबाच आणून सोडतात. आमच्या मदतनीस सरूबाईंचा गुडघा धरलाय, तरी खिचडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाहीत. तुमच्या शेजारचा हमदान पहिलीत गेला. अजून दारात येऊन विचारतो, अलिझा कधी येणार? मी म्हणते, पुढच्या महिन्यात. खोटं एकदा अंगवळणी पडलं की सुटत नाही बघ.

दुकानात तुझ्या सासूबाईही होत्या. त्या म्हणाल्या, नसीम दिवसभर शिलाई मशीनवर बसायची आणि पोरीच्या हातात मोबाइल द्यायची, म्हणून पोरीची वाचा गेली. मी मान खाली घालून चहा प्यायले. ते वाक्य त्यांना कुठून मिळालं ते मला ठाऊक होतं. घरी आल्यापासून जेवण गोड लागत नाही.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस तेव्हा अलिझा दोन वर्षांची होती. अजून अम्मीसुद्धा म्हणत नाही, असं म्हणालीस. मी नुकतीच पाच दिवसांचं प्रशिक्षण करून आले होते. मूल म्हणजे रिकामं मडकं नव्हे, ते आपलं ज्ञान आपणच रचतं, पायऱ्या सगळेच चढतात, कुणी लवकर, कुणी उशिरा. वहीत लाल शाईनं लिहून आणलं होतं. ते खोटं नाही गं, आजही नाही. पण मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली. तुला म्हणाले, घाई करू नकोस, तिची गती वेगळी आहे. तू माझ्यावर विश्वास ठेवून परत गेलीस.

तिला तीन पूर्ण झाल्यावर तू तिला अंगणवाडीत घातलंस आणि पुन्हा विचारलंस. तेव्हा मी तुझ्यासमोर परीक्षा घेतली. मुलं रांगेत बसली होती. मी मागून ताटावर पळी आपटली. सगळ्यांनी माना वळवल्या, अलिझानंही वळवली. तू हसलीस आणि ओढणीनं डोळे पुसलेस. ती हमदानकडे बघून वळली होती, हे मला दिसलं नाही. गाण्यातले हातवारेही ती तशीच करायची, इतरांच्या मागून किंचित उशिरा. मुलं एकमेकांकडून शिकतात, हेही माझ्या वहीत होतं, आणि तुझ्या लेकीइतकं ते दुसऱ्या कुणी केलं नाही. ऐकणाऱ्या पोरांत ती दीड वर्ष बसली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. एवढी हुशार आहे ती.

तिसऱ्यांदा आलीस तेव्हा मी सांगितलं, मोबाइल कमी कर, तिच्याशी बोलत जा. तेच वाक्य तू घरी नेलंस.

इथवर चूक होती. चूक माणसाच्या हातून होते. पुढचं लिहायला मला सहा महिने लागले.

२०२४च्या डिसेंबरात उसात बिबट्या दिसल्याची बोंब उठली, आठवतं? त्या दिवशी कुणी पोर पाठवलं नाही. तुला लग्नाचे ब्लाऊज द्यायचे होते, म्हणून तू अलिझाला स्वतः आणून सोडलंस. एकटीच मणी ओवत बसली होती, आमच्याकडे पाठ करून. सरूबाईंच्या हातून पातेल्याचं झाकण ओट्यावर आदळलं. मी दचकले, बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. अलिझा मणी ओवत राहिली. मी हाक मारली. जवळ जाऊन मारली. मग तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली.

सरूबाई म्हणाल्या, "बाई, हिला ऐकू येत न्हाई वाटतं."

मी म्हणाले, "कामात गुंगलीय. एकाग्रता म्हणतात त्याला."

सरूबाई चौथी शिकलेल्या. त्या माझ्यापुढे काय बोलणार?

नसीम, मला तेव्हाच कळलं होतं. पण पुढच्या आठवड्यात सेविकांच्या बैठकीत मला अलिझाबद्दलच बोलायचं होतं, बघून बघून शिकणारं मूल म्हणून. बोलले. टाळ्या पडल्या. मग तुला कुठल्या तोंडानं सांगू, असं करता करता जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. अंगणवाडीतल्या तिच्या प्रगतीच्या कार्डावर एक चौकट आहे, 'हाक मारल्यावर वळून बघते'. त्यात मी दर महिन्याला बरोबरची खूण करत गेले. जूनपर्यंत सात खुणा.

जुलैत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बाकीची पोरं बाहेर पाठवली आणि दोन मिनिटांत ओळखलं. जन्मापासूनच ऐकू येत नसणार, म्हणाल्या. भाषा रुजायची वर्षं हीच, एकेक महिना मोलाचा, असंही म्हणाल्या. तू दारात मला थांबवलंस आणि विचारलंस, "बाई, तुमाला कधीच शंका न्हाई आली?"

मी म्हणाले, "नाही गं."

ते खोटं होतं.

मोबाइलनं काही झालेलं नाही. तुझ्या मशीननं नाही, तुझ्या बोलण्या-न बोलण्यानं नाही. कार्डाची झेरॉक्स सोबत जोडलीय. हेच सगळं मी कार्यालयात लेखी दिलंय, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. हे पत्र माफीसाठी नाही. माफ केलंस तर मला बरं वाटेल, आणि मला बरं वाटावं म्हणून तिचे सात महिने आधीच गेलेत.

तुझ्या सासूबाईंना मराठी वाचता येत नाही. इकडे येशील तेव्हा त्यांच्यासमोर बसून, अन्सारभाईंसमोर, हे तूच मोठ्यानं वाच. माझं नाव गाळू नकोस.

अलिझाला आशीर्वाद लिहिणार होते. पण तो तिच्यापर्यंत पोचायला जी भाषा लागते, ती तिला मिळायच्या दिवसांत मी खुणा करत बसले होते. तिला नुसतं जवळ घे.

जिला माहीत होतं ती,
वैजयंती